मावशी किती दिवस टिकते?

2017 च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. म्हणजे बाळ उष्टावणाच्या वयाला येतं आणि आईची रजा संपते. मग घरात खल सुरू होतो. आजीला गावाहून बोलवायचं, दिवसभराची बाई ठेवायची, पाळणाघर पाहायचं, की आईने नोकरीच सोडायची? (वडिलांनी सोडायची, हा पर्याय बहुतेक घरांत चर्चेलाही येत नाही.) वादाला रूप मिळतं ते ‘घर की पाळणाघर’ असं, आणि तिथेच गाडी चुकते. तीन वर्षांच्या आतलं मूल दिवसभर कुठे असतं, याहून त्याला कोण सांभाळतं, त्या एका बाईकडे मुलं किती आहेत आणि ती बाई टिकते किती दिवस, याने जास्त फरक पडतो.

पाळणाघर म्हणजे मुलाची आबाळ, ही भीती जुनी आहे आणि तिला शास्त्राचा आधार असल्याचंही सांगितलं जातं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. आईच्या मायेला मुकलेल्या मुलाच्या मनाची वाढ खुंटते, असा त्याचा रोख होता. पण तो अहवाल महायुद्धानंतरच्या बेघर, अनाथाश्रमांत वाढणाऱ्या मुलांविषयी होता. सकाळी नऊला सोडलेलं आणि संध्याकाळी सहाला आईच्या कडेवर परतणारं मूल ही वेगळी गोष्ट आहे. तिचा नीट तपास व्हायला पुढे चाळीस वर्षं जावी लागली. अमेरिकेतल्या बालआरोग्य आणि मानवविकासाच्या राष्ट्रीय संस्थेने 1991 पासून दहा ठिकाणच्या 1,364 मुलांचा जन्मापासून माग ठेवला. मुलाच्या जडणघडणीत सर्वांत मोठा वाटा घराचाच निघाला. पाळणाघरात ठेवलं एवढ्यानेच आई-मुलाचं नातं विस्कटत नाही, हेही दिसलं. जिथे सांभाळणारी बाई मुलाशी बोलत होती, त्याच्या हाकेला ओ देत होती, तिथल्या मुलांची भाषा आणि समज थोडी सरस ठरली. याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवू नये. अगदी लहानपणापासून फार तास पाळणाघरात राहिलेल्या मुलांत हट्ट आणि मारामारी किंचित जास्त आढळली, जरी बहुतेकांचं वागणं चारचौघांसारखंच होतं.

मग पाळणाघर चांगलं केव्हा होतं? त्या अभ्यासात वापरलेली कसोटी साधी होती: दीड वर्षापर्यंतच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस, दोन वर्षांच्या चारांमागे एक, तीन वर्षांच्या सातांमागे एक. याला पैसा लागतो, आणि तो भिंतीवरच्या कार्टूनवर नव्हे, माणसांवर खर्च व्हावा लागतो. मार्सी व्हाइटबुक यांच्या 1989 च्या अमेरिकी पाहणीत पाळणाघराचा दर्जा आणि बायका टिकण्याचं प्रमाण यांचा सर्वांत घट्ट संबंध निघाला तो त्यांच्या पगाराशी. कॅनडाच्या क्विबेक प्रांताने हा धडा उलट बाजूने गिरवला. 1997 पासून तिथे रोज 5 डॉलरांत पाळणाघराची सोय झाली. नोकरी करणाऱ्या माता वाढल्या, पाळणाघरांतल्या जागाही भराभर वाढल्या; पण अर्थतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा मुलांतली चिंता आणि आक्रमकता वाढलेली दिसली. त्याच काळात दर्जाची पाहणी झाली, तेव्हा बरीचशी केंद्रं जेमतेम ठरली होती. पाळणाघरांच्या विरोधकांना हा हुकमी पुरावा वाटतो. मला त्यातून एवढंच दिसतं, की खुर्च्या वाढवणं सोपं आणि माणसं घडवणं कठीण.

परदेशातले आकडे इथे कशाला, असं कोणी म्हणेल. आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे कबूल. आपल्याकडे मूल काकू, शेजारीण, आजोबा अशा चार मांड्यांवर वाढतं. पण दहा रांगत्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईला हात दोनच असतात, पुण्यातही आणि बॉस्टनमध्येही. राहता राहिली आजी. ओळखीचं, टिकाऊ, एकाच मुलाकडे लक्ष देणारं माणूस म्हणून ती या कसोटीला पुरेपूर उतरते. मात्र साठीनंतर गुडघे धरून दोन वर्षांच्या पोरामागे धावणं हे काम आहे, आणि ते तिला विचारून ठरावं. ती थकली, की मुलाच्या हातात मोबाइल येतो. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे.

आपल्याकडे हा विचार फार आधी झाला होता. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, कारण थोरली बहीण शाळेत येत नव्हती ती कडेवरच्या भावंडापायी. 1975 मध्ये सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेलं, पाळणाघर मात्र मागेच राहिलं. तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतून लस मिळते, घरी न्यायचा आहार मिळतो. दिवसभर सांभाळ सहसा मिळत नाही. 2017 च्या दुरुस्तीने पाळणाघर सक्तीचं केलं ते 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. घरकाम करणारी बाई यात बसत नाही. गल्लीतल्या पाळणाघरात तीन-चार जणींबरोबर राबणारी मावशीही बसत नाही. तिचं स्वतःचं मूल त्या वेळी कोणाच्या कडेवर असतं, हे फी भरताना सहसा कोणी विचारत नाही.