चिलापीच्या पोटातले अंडे

शाळेच्या आहारात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचा निधी थांबवला. अंड्याला नाक मुरडणाऱ्यांच्या घरी दूध-तूप असते. आपल्या लेकरांचे काय? तेव्हा भगिनींनो, अंडे घरच्या ताटात आणू या.

इंग्लंडात उकडलेल्या अंड्याला खिम्याचे वेष्टन देऊन तळतात, त्याला स्कॉच एग म्हणतात. आपल्याकडचे नर्गिसी कोफ्ते त्याचेच भावंड. उजनीकाठच्या केत्तूर, कुगावकडे खिम्यापेक्षा धरणातली चिलापी सोयीची.

चार अंडी दहा मिनिटे उकडून, गार पाण्यात टाकून सोला. अर्धा किलो साफ केलेली चिलापी हळद-मीठ लावून वाफवा. काटे मोठ्या माणसानेच, उजेडात बसून काढावेत. मग मांस पुन्हा चिमटीने चाचपावे. पोरांच्या घशाचा प्रश्न आहे, घाई नको. त्यात एक उकडलेला बटाटा, आले-लसूण, मिरची, कोथिंबीर, दोन चमचे बेसन मळा. अंडे कोरडे पुसून बेसनात घोळवा, नाहीतर सारण निसटते. सारण सगळीकडून सारखे थापा, रव्यात घोळवा आणि मध्यम आचेवर तांबूस तळा. आतले सगळे शिजलेलेच असते. डोक्यांचा रस्सा वेगळा करावा, भाकरीला होतो.