बॅटरीविना हलणारा काटा

टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून बसवावा तसा पांढरा अर्धगोल, त्याखाली काट्याची पट्टी आणि तिच्याखाली आकड्यांनी गच्च भरलेली फिरती चकती. जपानच्या सेकॉनिक कंपनीचा एल-३९८ हा लाइट मीटर पहिल्यांदा हातात घेणारा चकती पाहूनच दचकतो. मग बॅटरीचं झाकण शोधतो. ते नसतंच. सेलेनियमच्या सेलवर प्रकाश पडला की किंचित वीज तयार होते आणि तेवढ्यावर काटा हलतो.

खरी करामत अर्धगोलाची. ही कल्पना अमेरिकेतल्या डॉन नॉरवुड यांची. १९४० साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. एरवी मीटर वस्तूवर रोखून तिच्यावरून परतणारा प्रकाश मोजायची रीत होती. त्यात गोम अशी, की समोर काहीही असो, मीटर ते मध्यम करड्या रंगाचंच धरून चालतो. त्याचं ऐकलं तर पांढरा सदरा मळकट येतो आणि काळी म्हैस राखाडी. नॉरवुड यांनी वस्तूवर पडणारा प्रकाश मोजायचं ठरवलं. मग सदरा असो की म्हैस, आकडा तोच. शिवाय चेहऱ्यासारखाच हा अर्धगोलही समोरून, बाजूंनी आणि वरून येणारा प्रकाश झेलतो. माणसांच्या फोटोंसाठी याहून भरवशाची पद्धत नाही.

वापर सोपा, पण पाय हलवावे लागतात. चकतीवर फिल्मचा वेग लावायचा, माणसाच्या चेहऱ्याजवळ जायचं आणि अर्धगोल कॅमेऱ्याकडे वळवायचा. मधलं बटण दाबलं की काटा मोकळा होतो, सोडलं की जागीच अडकतो. समजा, दिवसा व्हरांड्यात काटा १६० वर थांबला आणि रोल ४०० चा आहे. चकती त्या आकड्याशी जुळवली, की १/१२५ सेकंदासमोर एफ ४ दिसतं. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर एफ २.८ आणि १/२५०. तीही जोडी तिथेच शेजारी असते. उन्हात मात्र काटा पट्टीबाहेर जातो. त्यासाठी बारीक भोकांची एक पत्र्याची पट्टी सेलपुढे सरकवायची आणि चकतीवरची वेगळी खूण वापरायची. ही पट्टी आत राहिल्याचं विसरलं, तर अख्खा रोल बिघडतो.

मीटरवाचून अडत नाही, हे छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ दाखवलं. ऊन ओसरत होतं आणि त्यांचा वेस्टन मीटर सापडेना. समोर उगवलेल्या चंद्राची तेजस्विता मात्र त्यांना पाठ होती. त्यावरून हिशेब मांडून त्यांनी फोटो घेतला आणि तो जगप्रसिद्ध झाला. अर्थात आकडे असे पाठ असणारे किती?

सेलेनियमची दुबळी बाजू म्हणजे अंधुक प्रकाश. दिवेलागणीनंतर घरात काटा जेमतेम थरथरतो. सेल वयानुसार मंदावतोही, आणि ओल त्याला मानवत नाही. म्हणून जुना मीटर घेताना तो खात्रीच्या मीटरशेजारी धरून ऊन, सावली आणि खोली अशा तिन्ही ठिकाणी ताडून पाहावा. एकाच ठिकाणी आकडा जुळला म्हणून पैसे मोजू नयेत. पुढच्या एल-३९८ए मध्ये सेकॉनिकने सेलेनियम काढून सिलिकॉनचा सेल बसवला. बॅटरी त्यालाही लागत नाही.