पाळण्यावरून उतरलेला रुग्ण

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी ‘औषधांचा वास येणार नाही असे काही लिहा’, अशी संपादक मंडळाची प्रेमळ सूचना होती. ती शिरोधार्य मानून मी पाळण्यांचा विषय निवडला. बाळाच्या पाळण्याचा नव्हे. जत्रेतल्या आकाशपाळण्याचा, आणि त्याच्या आजच्या अवाढव्य वंशजांचा, म्हणजे मनोरंजन उद्यानांतील रोलरकोस्टरचा. औषधांचा वास मात्र लेखातून पूर्णपणे गेला आहे, असे म्हणवत नाही. डॉक्टर जत्रेत गेला, तरी त्याची नजर पाळण्यापेक्षा पाळण्यातून उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि पावलांवर आधी जाते.

बडोद्यात वाढलेल्या माझ्या पिढीचे पहिले वाहनसुख म्हणजे कमाटीबागेतली छोटी आगगाडी, आणि पहिले भय म्हणजे मेळ्यातला चकडोळ. घरात त्याला आकाशपाळणा म्हणत. गल्लीत गुजराती मित्रांबरोबर तो चकडोळच असे. पुढे १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. ते २०२२ साली बंद झाले. पण तोवर, २०१३ मध्ये, खोपोलीजवळ नवे भव्य उद्यान उभे राहिले होते. सुट्टीत मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या मुलांच्या बोलण्यात राणीच्या बागेच्या जोडीला ही नावेही येऊ लागली. फेरी दोन-तीन मिनिटांची असते. तिची गोष्ट मात्र वीस वर्षे पुरते. कोणाचा चष्मा उडाला, कोणी देवाचा धावा केला, कोणता शूर भाचा पायरीवरूनच परतला, हे लग्नघरांत पुन्हा पुन्हा सांगितले जाते.

अशा गोष्टी माणसे नातेवाइकांना सांगतात. डॉक्टरला सहसा सांगत नाहीत, आणि डॉक्टरही विचारत नाही. ज्या थोड्या वेळा त्या सांगितल्या गेल्या आणि ऐकल्याही गेल्या, त्यांतून काय हाती लागले, याची काही उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ती जमवण्याचा मला छंद आहे.

पहिले उदाहरण मूतखड्याचे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील मूत्रविकारतज्ज्ञ डॉ. डेव्हिड वॉर्टिंजर यांच्याकडे फ्लोरिडातील डिस्ने उद्यानाची सहल करून परतलेले काही रुग्ण एक चमत्कारिक हकिकत सांगू लागले. ‘बिग थंडर माउंटन’ नावाच्या खाणगाडीसारख्या रोलरकोस्टरवर बसलो आणि खडा पडला, असे त्यांचे म्हणणे. एका गृहस्थाने तर लागोपाठ तीन फेऱ्या केल्या आणि प्रत्येक फेरीनंतर एकेक खडा पडला! आपल्यापैकी बहुतेकांनी हसून ‘पाणी भरपूर पीत जा’ एवढेच सांगितले असते. डॉ. वॉर्टिंजर यांनी मात्र त्या रुग्णाच्या मूत्रपिंडाची सिलिकॉनची पोकळ प्रतिकृती तयार करवली, तीत खरे खडे आणि लघवी भरली, आणि ती पाठपिशवीत घालून ते स्वतः सहकाऱ्यासह त्या गाडीत जाऊन बसले. दोन प्रौढ पुरुष पिशवी सांभाळत एकाच गाडीत पुन्हा पुन्हा बसताहेत, हे पाहून कोणाला संशय येऊ नये म्हणून त्यांनी आधी उद्यानाची परवानगी घेतली. ज्या अधिकाऱ्याला ते प्रथम भेटले, त्याचाच खडा नुकताच पडला होता, असे डॉ. वॉर्टिंजर यांनी सांगितले आहे. मग सहकार्याला काय तोटा?

एकूण २० फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत तीन खडे. पुढच्या आसनांवरून २४ पैकी ४ खडे निसटले. मागच्या आसनांवरून ३६ पैकी २३. म्हणजे पुढे १७ टक्के, मागे ६४ टक्के. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि २०१८ साली त्याला ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळाले. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा हा गौरव. या गाडीचा वेग बेताचाच आहे, पण धक्के आणि आडवी वळणे भरपूर. त्याच परिसरातील अधिक वेगवान गाड्यांवर मात्र असा परिणाम आढळला नाही. अर्थात प्रतिकृतीवरचा प्रयोग म्हणजे उपचारपद्धती नव्हे. मोठा खडा, ताप, जंतुसंसर्ग किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णाने पाळण्याचा मार्ग धरू नये, हे या सभेत सांगण्याची गरज नसली, तरी ही स्मरणिका घरोघरी वाचली जाते म्हणून लिहून ठेवतो.

दुसरे उदाहरण दम्याचे. नेदरलँड्समधील सिमोन रीतव्हेल्ट आणि इल्या व्हान बेस्ट या मानसशास्त्रज्ञांनी तीव्र दमा असलेल्या २५ तरुणींना रोलरकोस्टरवर बसवले. फेरीपूर्वी, म्हणजे केवळ धास्तीने, त्यांना धाप अधिक जाणवत होती. फेरी संपताच आनंदाच्या भरात ती कमी झाल्यासारखी वाटली. नवल पुढेच आहे. ज्यांची फुप्फुसांची क्षमता फेरीमुळे प्रत्यक्षात घटली होती, त्यांनाही धाप कमीच वाटत होती. या अभ्यासालाही २०१० साली ‘इग नोबेल’ मिळाले. रुग्णाला काय वाटते आणि त्याच्या श्वासनलिकांची अवस्था काय आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु त्या एक नव्हेत. फक्त ऐकणारा डॉक्टर इथे फसेल, आणि फक्त यंत्रावर फुंकर मारायला लावणारा डॉक्टर रुग्ण घाबरला का होता हे कधीच जाणणार नाही.

हृदयाचेही तसेच. जर्मनीतील मानहाइम येथील हृदयरोगतज्ज्ञांनी ५५ निरोगी व्यक्तींना ईसीजीची तारयंत्रे लावून रोलरकोस्टरवर धाडले. नाडीचे सरासरी ठोके मिनिटाला ९१ होते, ते फेरीत १५३ वर गेले. आपण धावलेलो नाही, जिना चढलेलो नाही, खुर्चीला जखडून नुसते बसलो आहोत. तरी हृदयाला ते कळत नाही. म्हणून उद्यानाच्या दारावरची हृदयरोग, रक्तदाब, गर्भारपण आणि मानेचे विकार यांविषयीची सूचना वाचून पुढे जाण्याची नसते, पाळण्याची असते.

तिसरे उदाहरण गंभीर आहे. जपानमधील एक चोवीस वर्षांची निरोगी तरुणी मनोरंजन उद्यानात अनेक रोलरकोस्टरवर बसली. डोके कुठे आपटले नाही, पडझड नाही. त्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी मात्र हटेना. पुढे एमआरआय केला तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचल्याचे दिसले. शस्त्रक्रियेनंतर ती बरी झाली. ही हकिकत २००० साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तरुण वय, मार लागल्याचा इतिहास नाही, आणि तक्रार फक्त डोकेदुखीची. अशा रुग्णाच्या कागदावर आपण काय लिहिले असते? ‘डोक्याला मार लागला होता का?’ या प्रश्नाचे तिचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच येणार. ‘दुखायला लागले त्या दिवशी कुठे होतात?’ असे विचारले तरच पाळणा कागदावर येतो.

पाळणे बांधणाऱ्यांनीही प्रवाशांच्या मानेचे गाऱ्हाणे एकदा ऐकले आहे. १८९५ साली अमेरिकेत कोनी आयलंड येथे ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा उलटा फिरवणारा रोलरकोस्टर उभा राहिला. त्याचा फेरा अगदी गोल होता. सरळ रुळावरून वेगाने येणारी गाडी त्या गोलात शिरताच प्रवाशाच्या मानेवर एकाएकी प्रचंड भार येई, आणि मान दुखावल्याच्या तक्रारी होत. तो काही वर्षांतच बंद पडला. फेऱ्याचा आकार बदलून तो भार हळूहळू वाढेल अशी योजना आधुनिक पोलादी रोलरकोस्टरवर यशस्वी झाली ती १९७६ साली, कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’वर. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांच्या गणिताने तो फेरा उलट्या थेंबासारखा झाला : खालचे वळण सौम्य, वरचे आवळ. मानेची तक्रार आणि तिचे उत्तर यांत ऐंशी वर्षे गेली.

आता माझ्या स्वतःच्या खोलीतली एक हकिकत. संबंधितांची अनुमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

साठीच्या पुढच्या एक निवृत्त शिक्षिका नातवाला घेऊन आल्या. तीन आठवड्यांपासून अंथरुणात उजव्या कुशीवर वळले की सारी खोली गरगर फिरे. काही क्षणांत थांबे, पण धास्ती दिवसभर राही. याआधी दोन ठिकाणी दाखवून झाले होते. मानेचा एक्स-रे झाला होता, मानेला पट्टा आला होता, चक्करेच्या गोळ्यांनी झापड येत होती. त्यांनी स्वयंपाकघरात एकटीने जाणे सोडले होते. आता या घरात राहणे जमणार नाही, मुलाकडे परगावी जावे लागणार, असे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकले होते.

मी विचारले, “हे सुरू होण्याच्या आधी नेहमीपेक्षा वेगळं असं काही केलं होतंत का, बाई?”

“काही नाही हो. घर आणि देऊळ.”

नातू खुर्चीत चुळबुळत होता. तो म्हणाला, “आजी, त्या मोठ्या पाळण्यात बसलो होतो ना आपण! दोनदा!”

बाईंच्या चेहऱ्यावर जी लाज उमटली, ती मी विसरलेलो नाही. या वयात, आणि यजमानांना जाऊन दोन वर्षेही झालेली नसताना, आपण पाळण्यात बसलो हे त्यांनी मुलालाही सांगितले नव्हते. नातवाला सक्त ताकीद होती.

तपासणीच्या मेजावर त्यांना विशिष्ट पद्धतीने आडवे करून मान उजवीकडे वळवताच डोळ्यांची ती ओळखीची फिरकी दिसली. आतल्या कानातले सूक्ष्म कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नलिकेत गेले की असे होते. हा प्रकार या वयात आपोआपही होतो. त्यामुळे पाळण्याच्या धक्क्यांनीच झाला असे मी शपथेवर सांगणार नाही. पण काळाचा धागा जुळत होता. डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने मान आणि शरीर क्रमाक्रमाने वळवून ते कण मूळ जागी नेता येतात. काही मिनिटांचे काम. पुढच्या आठवड्यात बाई आल्या त्या पट्ट्याशिवाय, आणि रिक्षाने एकट्याच.

त्या वेळी त्यांनी जे सांगितले, त्यासाठी खरे तर हा लेख लिहीत आहे. “डॉक्टर, हे गेल्यापासून माझ्या तोंडून मोठा आवाजच निघाला नव्हता. घरात पाहुणे, मुलं लहान, धीर द्यायचा तो मीच. रडलेसुद्धा नाही. त्या पाळण्यात गाडी खाली सुटली आणि मी अशी ओरडले, अशी ओरडले! सगळेच ओरडत होते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. उतरले तेव्हा हलकं वाटत होतं. म्हणून तर पुन्हा बसले.”

मग जरा थांबून त्यांनी विचारले, “आता कधीच बसायचं नाही का?”

रक्तदाब, हृदय, मान आणि हाडे तपासून मी त्यांना उत्तर दिले. झटके देणारा रोलरकोस्टर नको. संथ आकाशपाळणा खुशाल चालेल. आणि ओरडण्यासाठी पाळणाच हवा असे नाही, माझ्या खोलीचे दार बंद करता येते. त्या हसल्या, आणि मग बऱ्याच वेळ रडल्या.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते की, आपल्या केसपेपरवर ‘पूर्वीचे आजार’, ‘व्यसने’, ‘घरातील आजार’ असे रकाने असतात. त्यांच्याखाली आणखी एक प्रश्न हाताने लिहून ठेवावा : ‘गेल्या महिन्यात नेहमीपेक्षा वेगळे काय केलेत?’ रुग्ण दुःख सांगण्यासाठीच आलेला असतो. ते तो सांगतो. मौज मात्र, विशेषतः वयस्क माणसे आणि त्यातही स्त्रिया, लपवून ठेवतात. निदान कधी कधी तिथेच दडलेले असते.

आणि आपल्या समाजातील वाचकांना विनंती अशी की, प्रकृती आणि नियम सांभाळून पाळण्यात जरूर बसा. पण उतरल्यानंतर डोकेदुखी किंवा मानदुखी टिकून राहिली, हातापायांत बळ कमी वाटले, बोलताना अडखळले किंवा तोल जाऊ लागला, तर दिवस न काढता डॉक्टरकडे या आणि पाळण्याचा उल्लेख आवर्जून करा. वयाची लाज बाळगू नका. आम्हीही बसतो.