अजबखान्यास वाचा फुटावी

भायखळ्याच्या राणीच्या बागेंत सुटीच्या दिवशीं जी गर्दी लोटते, ती पाहिल्यावर "आमच्या लोकांस नवीन कांहीं पाहण्याची हौस नाहीं" असें म्हणणाराची जीभ क्षणभर तरी अडखळली पाहिजे. २०१७ सालीं तेथें पेंग्विन पक्षी लोकांस दाखविण्यास आरंभ झाला, तेव्हांपासून मुलाबाळांसह माणसें रांगेंत तिष्ठत उभीं राहतात. त्याच आवाराला लागून डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. पण तेथवर आलेल्या ह्या समुदायापैकीं त्याच्या पायऱ्या चढणारे त्या मानानें थोडे. हौस आहे, सवड आहे, माणूस दारापर्यंत आलेला आहे. मग अडतें कोठें? आमच्या मतें अडतें तें एवढ्यावरच कीं, पक्षी स्वतः हालतो-बोलतो, आणि कांचेच्या कपाटांतील वस्तूला बोलकें करण्यास माणूस लागतो.

ह्या संस्थेचा जन्म कसा झाला हें व्यापारीवर्गानें विशेषेंकरून ध्यानांत घेण्यासारखें आहे. १८५१ च्या लंडनच्या व १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांनिमित्त ह्या प्रांतांतील कच्चा-पक्का माल गोळा करण्यांत आला, आणि त्यांतूनच कोटांतील टाऊन बरॅक्समध्यें हा संग्रह उभा राहिला. १८५७ च्या धामधुमींत फौजेसाठीं जागा हवी म्हणून तो तेथून हलला. पुढें नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी प्रभृति नागरिकांनीं वर्गणी जमवून स्वतंत्र इमारतीचा संकल्प केला व १८६२ सालीं पाया घातला गेला. १८६५ त कापसाचा भाव कोसळून शेअरच्या सट्ट्यांत पेढ्या बुडाल्या, वर्गणी अपुरी पडली, सरकारी तिजोरीनें काम तडीस नेलें, आणि २ मे १८७२ रोजीं दार उघडलें. पाटी व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट ह्यांच्या नांवाची. पैसा मात्र ह्या शहराच्या व्यापाराचा व रयतेच्या कराचा! पाटी बदलून भाऊ दाजींचें नांव येण्यास १९७५ साल उजाडावें लागलें. पुढें २००३ सालीं महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन व इन्टॅक ह्यांच्यांत त्रिपक्षी करार होऊन मोडकळीस आलेल्या वास्तूचा जीर्णोद्धार झाला. २००५ सालीं युनेस्कोनें त्या कामाचा गौरव केला, व २००८ च्या आरंभीं संग्रहालय पुन्हां खुलें झालें. इतिहास स्पष्ट आहे. मालमत्ता लोकांची आहे. ती संभाळणारे विश्वस्त आहेत.

आतां विश्वस्ताचें कर्तव्य काय, ह्याविषयीं कायद्याचें तत्त्व अगदीं साधें आहे. ठेव सुरक्षित राखणें हा कर्तव्याचा एक भाग. ती ज्याच्या हितासाठीं ठेवलेली आहे, त्याच्या उपयोगीं पाडणें हा दुसरा. धान्याचें कोठार उंदरांपासून राखिलें पण दुष्काळांत उघडलें नाहीं, तर कोठारवाल्यास कोणी शाबासकी देईल काय? छप्पर गळत नाहीं, सोनेरी नक्षी झळकते, ही अर्धी फेड झाली. उरलेली अर्धी व्याख्यानांनीं, प्रात्यक्षिकांनीं व मोकळ्या चर्चेनेंच व्हावयाची.

ह्या संग्रहालयांत ती फेड सुरूच झालेली नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. तेथें व्याख्यानें होतात, शाळकरी मुलांसाठीं कार्यशाळा होतात. जुन्या संग्रहाशीं संवाद साधणारीं कलाकृतींचीं प्रदर्शनें आजच्या कलावंतांकडून करवून घेण्याचा उपक्रमही तेथें झाला, व त्यांत २०११ सालीं जितीश कल्लाट ह्यांचें प्रदर्शन भरलें होतें. आमचा प्रश्न पुढचा आहे: बोलावें कोणीं, आणि कोणापुढें?

ह्याचें मर्म तेथील मातीच्या लहान लहान पुतळ्यांत आहे. निरनिराळ्या जातींच्या पगड्या, कारागिरांचे धंदे, खेड्यांतील व्यवहार, खेळ, हें सारें त्यांत मोठ्या कौशल्यानें घडविलेलें आहे. परंतु राज्यकर्त्याच्या दृष्टीनें हा देश म्हणजे नमुन्यांचें एक कपाट होता, आणि माणूस हा त्यांतील एक नग. आज त्याच माणसांचीं नातवंडें-पतवंडें त्या कांचेपुढें उभीं राहतात. त्यांनीं आपल्याच पूर्वजांकडे परक्याच्या डोळ्यांनीं पाहून पुढें चालावें, कीं "ही पगडी अशी बांधीत नसत, ह्या अवजाराचें नांव अमुक" असें सांगण्यास तोंड उघडावें? राजकीय स्वातंत्र्य १९४७ सालीं आलें. नमुना होता तो साक्षीदार होऊन बोलूं लागेल, त्या दिवशीं तें ह्या दालनांतही आलें असें आम्ही म्हणूं.

कोणी म्हणेल, "शहरांत रस्त्यांना खड्डे आणि चाळींत पाण्याचे हाल, त्यांत कलेवरील व्याख्यानांची चैन कशाला?" आक्षेप प्रामाणिक आहे, पण हिशेबाला टिकत नाहीं. इमारत, पहारा, दिवाबत्ती ह्यांचा खर्च व्याख्यान झालें तरी होतो व न झालें तरी होतो. त्यावर वक्त्याचें मानधन व चार सतरंज्या एवढीच भर पडते. तेवढी वांचविण्यासाठीं मूळ खर्च निष्फळ होऊं देणें ही काटकसर कोणताही दुकानदार आपल्या पेढीवर चालूं देणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, सामान्य माणूस ऐकावयास येणार नाहीं. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं १८७५ सालीं पुण्यांत आरंभिलेली वसंत व्याख्यानमाला ह्याचें उत्तर देते. उघड्यावर बसून तासभर विचार ऐकण्याची संवय महाराष्ट्रास नवी नाहीं. आणि कीर्तनाची परंपरा तर त्याहूनही जुनी. श्रोता आमच्याकडे तयार आहे, त्याच्या भाषेंत आणि त्याच्या सवडीनें बोलणारा पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यांत अशा. महत्त्वाचें प्रत्येक व्याख्यान मराठींत व्हावें, इंग्रजीचा अनुवाद म्हणून नव्हे, तर मुळांतच मराठींत. वेळ रविवारची किंवा दिवे लागल्यानंतरची असावी. कारण नोकरदार व दुकानदार दुपारीं मोकळा नसतो. तांबट, कुंभार, विणकर, सुतार ह्यांस अवजारांसह बोलवावें, आणि त्यांचें मानधन प्राध्यापकाच्या मानधनाहून कमी असूं नये. व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नांस ठेवावा. पेठेंतील व्यापाऱ्यांनीं आपापल्या मालाशीं संबंध असलेल्या दालनाची एकेक व्याख्यानमाला पत्करावी. आणि वर्षाअखेर किती व्याख्यानें झालीं, कोणत्या भाषेंत झालीं, कितीजण आले, ह्याचा आंकडा नगरसेवकांनीं सभागृहांत मागावा.

भाऊ दाजी वैद्यकी करीत, अजिंठ्याचे शिलालेख वाचीत आणि मुलींच्या शिक्षणासाठींही झटत. विद्या ही कपाटांत ठेवण्याची वस्तु आहे असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. त्यांचें नांव दारावर लावून आंत मौन पाळणें शोभणार नाहीं. विश्वस्तांनीं दार उघडें ठेविलें आहे. आतां आंत जाऊन प्रश्न विचारण्याचा हक्क बजावणें हें नागरिकांचें काम आहे, आणि न बजावलेला हक्क कालांतरानें बुडतो हें व्यवहारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको.