आय-वॉश आहे, पण त्यातलं पाणी कसं आहे?



साबण बनवणाऱ्या आपल्या एका गटाच्या शेडमध्ये भिंतीला आय-वॉश बसवलाय. आय-वॉश म्हणजे डोळ्यात काही उडालं तर लगेच डोळे धुवायचा नळ. मी भेटीला गेले की यादीत 'आय-वॉश आहे' यावर खूण करायचे. उघडून मात्र एकदाही पाहिला नाही.

मग एक दिवस एका ताईच्या डोळ्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं. बायकांनी तिला धरून तिथं नेलं, नळ सोडला, तर पिवळं, वास मारणारं पाणी आलं! पिण्याचं पाणी जवळच होतं, त्यानं डोळा धुतला आणि वाचला. पण चूक माझीही होती, म्हणून हे लिहितेय.

पाणी खराब का होतं?

माठ आठ दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत होतो ना? तो थर म्हणजे जंतूंचं घरच. आय-वॉशच्या पाइपात पाणी महिनोन्‌महिने साचून राहतं. त्यातलं क्लोरीन हळूहळू संपतं, उन्हानं पाणी कोमट होतं आणि जंतू वाढतात. स्युडोमोनास नावाचे जिवाणू असल्या पाण्यात वाढतात. कॉस्टिकनं पोळलेल्या डोळ्यात ते शिरले तर बुबुळावर जखम होऊन नजर जाऊ शकते. पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात.

मग काय करायचं?

1. आठवड्यातून एकदा नळ पूर्ण सोडा. पाइपात साचलेलं सगळं पाणी निघून ताजं पाणी येईपर्यंत चालू ठेवा. गटाच्या बैठकीचाच वार ठरवा, म्हणजे विसरणार नाही. ते पाणी बादलीत धरून फरशी धुवायला वापरा.
2. तोंडावरची झाकणं कायम लावलेली ठेवा. धूळ, कोळी, मुंग्या आत जातात.
3. टाकीवाला आय-वॉश असेल तर सोबतच्या माहितीपत्रकात दिलेल्या मुदतीत पाणी बदला, टाकी घासा. अंदाजानं ब्लिचिंग पावडर टाकू नका, ते पाणी डोळ्यात जाणार आहे.
4. डोळे धुवायची सीलबंद बाटली असेल तर तिची मुदत बघा. एकदा फोडलेली बाटली परत ठेवू नका.
5. तारीख आणि सही वहीत लिहा. बचतीची नोंद चुकवत नाही, तशीच हीपण.

डोळ्यात उडालंच तर?

चोळू नका. पापण्या उघड्या धरून लगेच पाणी सोडा आणि निदान 15 मिनिटं धुवा. मिनिटाला दीड लिटर धरलं तरी 22 लिटरच्या वर पाणी लागतं, म्हणून एका लहान बाटलीवर भागत नाही. दूध, गुलाबपाणी, लिंबू काही घालायचं नाही. धुऊन झालं की थेट डॉक्टरकडे जायचं, आणि काय उडालं ते सांगायचं.

आय-वॉशचं पाणी खराब निघालं तर जे पिण्याचं पाणी हाताशी असेल ते घ्या. थांबू नका. कॉस्टिक डोळा फार लवकर जाळतं.

आता मी भेटीला आले की आधी नळ सोडून बघते, मगच खूण करते. तुम्ही माझी वाट बघू नका. उद्या कामाला गेलात की आधी तो नळ सोडून बघा.