संगणकीय संकट आणि पूर्वतयारीविषयीचे भ्रम

उत्तम संरक्षक प्रणाली खरेदी केली आणि दप्तराच्या प्रती अन्यत्र ठेवल्या, की सायबर हल्ल्याविरुद्धचा बंदोबस्त पुरा झाला, अशी जी समजूत अनेक संस्थाचालकांच्या मनात दृढ असते, तिचा फोलपणा २७ जून २०१७ रोजी मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीच्या प्रत्ययास आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमने तिचे देशोदेशीचे संगणक निकामी केले, आणि त्याची झळ न्हावाशेवा येथील, त्याच समूहाच्या टर्मिनललाही लागली. प्रती होत्याच, परंतु संगणकांच्या जाळ्यातील प्रवेशाचे नियमन करणारे सर्व्हर परस्परांशी जोडलेले असल्यामुळे ते बहुतेक एकदमच नष्ट झाले. घानामधील एक तेवढा वाचला, तोही कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे, तर त्या वेळी तेथील वीज गेली होती म्हणून! पुढे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. जाळ्यापासून विलग ठेवलेली, आणि जिच्यावरून कारभार पुन्हा चालू करून पाहिलेला आहे, तीच प्रत भरवशाची.

पहिला आघात झाला की संकट सरले, हाही भ्रमच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएममधून कोट्यवधी रुपये काढले गेले. आणि सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेद्वारे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळविले गेले.

हल्ल्यास तोंड देणे हे काम संगणक विभागाचे, असे म्हणून वरिष्ठांनी अलिप्त राहणे मला सर्वांत घातक वाटते. बाधित यंत्र तडकाफडकी बंद केल्यास त्याच्या स्मृतीतील पुरावा नाहीसा होतो, म्हणून ते प्रथम जाळ्यापासून तोडणे सामान्यतः इष्ट. पण ग्राहकांची सेवाच थांबवायची झाल्यास तो हुकूम देण्याचा अखत्यार कोणाचा, आणि तो अधिकारी रजेवर असल्यास कोणाचा, हे आधीच लेखी ठरलेले असावे लागते.

बोभाटा नको म्हणून प्रकरण दडपणे तर कायद्यासही मान्य नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या घटनेची वर्दी ती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते, आणि यंत्रणेतील व्यवहारांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ही वर्दी कोण लिहिणार आणि कोठे पाठविणार, हे त्या सहा तासांत शोधीत बसण्यापेक्षा वर्षातून एकदोनदा लुटुपुटीच्या हल्ल्याचा सराव करावा, आणि संबंधितांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर उतरवून ठेवावेत. कारण संगणकातील यादी खऱ्या हल्ल्याच्या दिवशी उघडेलच असे नाही.