थकवा दिसत नाही म्हणून

कोल्हापूर हे शक्तीची कदर करणारे शहर आहे. पेठापेठांतील तालमी आणि १९१२ साली बांधून पूर्ण झालेले खासबाग मैदान त्याची साक्ष देतात. अशा शहरात एखाद्या धडधाकट दिसणाऱ्या तरुण शिक्षिकेने तिसऱ्या तासाला बसून शिकविण्याची परवानगी मागितली, तर ‘या वयात हे काय?’ असा प्रश्न सहज उमटतो. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार असेल, तर तो प्रश्न मूळ दुखण्याइतकाच जिव्हारी लागतो.

या विकारात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीच्या मज्जातंतूंवर उलटते. विजेच्या तारेवर जसे वेष्टण, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते जागोजागी नष्ट झाले की मेंदूचा निरोप वाटेत मंदावतो किंवा अडतो. पॅरिसच्या शार्को या वैद्याने १८६८ साली या विकाराचे स्पष्ट वर्णन केले. तो संसर्गाने पसरत नाही. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक प्रमाणात तो गाठतो. कोणाची दृष्टी मंदावते, कोणाचे हातपाय बधिर होतात, कोणाचा तोल जातो, तर कोणाचा लघवीवरचा ताबा सुटतो. बहुतेकांच्या बाबतीत निदान आरंभी तरी ही लक्षणे उसळतात आणि ओसरतात. त्यामुळे ‘काल तर ठीक होती’ हेच वाक्य रुग्णाविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते.

सर्वांत फसवा असतो तो थकवा. पुरेशी झोप घेऊनही तो हटत नाही आणि पाहणाऱ्याला दिसत नाही. त्यात उन्हाळ्याची भर पडते. अंगातील उष्णता किंचित वाढली, तरी आवरण गमावलेल्या तंतूंतून निरोप जाईनासा होतो. जर्मन नेत्रवैद्य ऊटहोफ याने १८९० सालीच हे टिपले होते. अंग निवले की बहुधा पूर्वस्थिती येते. म्हणूनच एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखालची जागा मागणे ही या रुग्णाच्या बाबतीत चैन नसते.

विकार समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. मात्र १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या औषधाला मान्यता मिळाल्यापासून झटक्यांची संख्या घटविणारी अनेक औषधे उपलब्ध झाली आहेत. ती महाग आहेत, हे खरे. परंतु औषधाच्या चिठ्ठीपलीकडेही बरेच काही उरते. अवघड काम सकाळी उरकणे, मध्ये विसावा घेणे, गार पाण्याने अंग पुसणे, झेपेल तितका नियमित व्यायाम करणे, अशा शक्तीच्या काटेकोर हिशेबावर रुग्णाचा दिवस निभावतो. हा हिशेब एकट्याने जमत नाही. घर आणि कचेरी यांची साथ लागते.

कायद्याने ती साथ देऊ केली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय वा शासन-अनुदानित आस्थापनेला कोणाला काढून टाकता येत नाही, की खालच्या पदावर ढकलता येत नाही. गरजेनुसार सोयी पुरविणे हेही तिचे कर्तव्य आहे. तळमजल्यावरचा वर्ग, जवळचे स्वच्छतागृह, सकाळचे तास यांना खर्च तो किती? अडसर असतो तो तिजोरीचा नव्हे, अविश्वासाचा.

तो दूर करण्याची परंपरा कोल्हापूरला आहे. सोळाव्या वर्षी कमरेखालचे बळ गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली येथेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी करून चाकाच्या खुर्चीवरचे आयुष्यही कर्तृत्ववान असते, हे दाखवून दिले. त्यांची खुर्ची निदान डोळ्यांना दिसत होती. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाकडे पुष्कळदा तेवढाही पुरावा नसतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. सर्वांना एकाच मापाने मोजणे म्हणजे न्याय नव्हे, हेच त्यांनी दाखवून दिले होते. त्या नगरीतील शिक्षकांच्या खोलीत कोणी खुर्ची मागितली, तर कारण विचारण्यापूर्वी ती पुढे सरकवावी. शक्तीची खरी कदर तीच.